वाहनांची शिदोरी

प्रवासाला निघणारा मनुष्य प्रथम शिदोरीचा विचार करतो. वाट किती लांब आहे, वाटेंत अन्नपाणी कोठें मिळेल, आणि बरोबर घ्यावयाचें ओझें खांद्याला पेलेल कीं नाहीं, या तीन गोष्टींवरून शिदोरी कसली व किती बांधावयाची हें ठरतें. वाहनांचेंहि नेमकें असेंच आहे. बैलगाडीच्या बैलाला वाटेंत चारा मिळे. वाफेच्या एंजिनाला कोळसा व पाणी पाठीशीं जोडलेल्या डब्यांतून ओढीत न्यावें लागे. मोटारीची शिदोरी तिच्या टाकींत असते. पेट्रोल व डीझेल यांच्या जागीं उद्यां कोणतें इंधन येणार, असा प्रश्न आज सर्वत्र विचारला जातो. परंतु त्या प्रश्नाचें खरें स्वरूप ‘कोणत्या वाहनाला कोणती शिदोरी झेपेल’ हेंच आहे. तें ध्यानांत घेतलें म्हणजे परस्परविरोधी वाटणाऱ्या पुष्कळ दाव्यांचा उलगडा होतो.

पेट्रोलानें जग जिंकलें तें कांहीं सहज नव्हे. इ. स. १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील रस्त्यांवर वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या मोटारी शेजारीं शेजारीं धांवत होत्या. त्याच वर्षीं पॅरिस येथील प्रदर्शनांत डीझेलचें एक एंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. म्हणजे वीज आणि वनस्पतितेल हे आज नवे म्हणून गाजणारे दोन्ही मार्ग तेव्हांच मनुष्याच्या समोर होते. ते मागें पडले, कारण खनिज तेलासारखी आटोपशीर शिदोरी दुसरी नाहीं. एक किलोग्रॅम पेट्रोलांत सुमारे १२ युनिट ऊर्जा सांठविलेली असते; तें साध्या पत्र्याच्या टाकींत राहतें, नळीनें ओततां येतें, आणि चार-पांच मिनिटांत टाकी भरून गाडी पुन्हां वाटेला लागते. आजहि जगांतील वाहतुकीला लागणाऱ्या ऊर्जेपैकीं सुमारे नव्वद टक्के ऊर्जा खनिज तेलांतूनच येते, यांत म्हणूनच नवल नाहीं.

या सोयीची किंमत मात्र हवेला द्यावी लागते. एक लिटर पेट्रोलाचें वजन जेमतेम पाऊण किलोग्रॅम असतें; पण तें जळलें म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम कर्बवायु, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निर्माण होतो. पाऊण किलोंतून सव्वादोन किलोंहून अधिक वायु कसा निघतो, अशी शंका साहजिक आहे. पेट्रोलांतील कर्ब हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतो आणि त्या प्राणवायूचें वजन त्यांत मिळतें, हें तिचें उत्तर. हा कर्ब कोट्यवधि वर्षें भूगर्भांत गाडलेला होता. तो वर आला म्हणजे हवेच्या खात्यावर नवी जमा होते आणि पृथ्वीचें तापमान वाढतें. जगांत ऊर्जेच्या वापरामुळें जो कर्बवायु बाहेर पडतो त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा वाहतुकीचा आहे. भारताच्या बाबतींत याला आणखी एक काळजी जोडलेली आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावें लागतें, आणि दूरच्या आखातांत युद्धाचे ढग जमले कीं त्याची सावली येथील घरखर्चावर पडते.

नवें इंधन पारखतांना तीन कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, त्यांतील कर्ब येतो कोठून. जमिनीखालून, कीं चालू ऋतूंतील हवेंतून, कीं त्यांत कर्ब मुळींच नाहीं? दुसरी, तें बरोबर न्यावयाचें तर वजन व जागा किती लागते? आणि तिसरी, उगमापासून चाकापर्यंत येतांना त्यांतील किती ऊर्जा वाटेंतच गळते? जाहिरातींत बहुधा पहिलीच कसोटी सांगितलेली असते; वाहनाचें भवितव्य मात्र उरलेल्या दोहोंवर ठरतें.

सर्वांत उत्तम शिदोरी ती, जी बरोबर न्यावीच लागत नाहीं. विजेच्या आगगाडीला ही सोय असते, कारण तिला डोक्यावरील तारेंतून वाटभर जेवण मिळतें. महाराष्ट्राला हा अनुभव शंभर वर्षांचा आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईच्या बोरीबंदर स्थानकांतून कुर्ल्यापर्यंत देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. पुढें हीच तार बोरघाट चढून पुण्यापर्यंत गेली, आणि १ जून १९३० रोजीं ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. सदतीस फुटांस एक फूट अशी चढण असलेल्या त्या घाटांत विजेचें महत्त्व विशेष जाणवतें. वाफेचें एंजिन आपला कोळसा व पाणीहि घाटावर चढवीत असे. विजेचें एंजिन तो भार खालींच ठेवतें. शिवाय उतरणीवर त्याच्या मोटरी उलट कामाला लावल्या म्हणजे त्याच वीज उत्पन्न करूं लागतात आणि ती तारेंत परत घालतां येते. उतरणारी गाडी अशा रीतीनें चढणाऱ्या गाडीला हात देते.

परंतु वीज धूर नाहींसा करते, कीं त्याची जागा बदलते? या प्रश्नाचें उत्तरहि त्याच घाटाच्या परिसरांत सांपडतें. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी खोपोलीस उतरवून टाटांनीं १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यास आरंभ केला होता. त्या विजेंत धुराचा लेश नव्हता. उलट, जी. आय. पी. रेल्वेनें आपल्या गाड्यांकरितां कल्याणजवळ ठाकुर्ली येथें स्वतःचें जें वीजघर उभारलें, त्यांत कोळसाच जळत असे. तार तीच, गाडी तीच, पण कर्बाचा हिशेब निराळा. आजहि देशाची स्थिति या दोहोंच्या मधली आहे. रुंद मार्गाच्या रेल्वेपैकीं सुमारे ९९ टक्के मार्गांवर २०२५ अखेर तार पोंचली आहे. त्याच वर्षीं देशांतील वीजघरांच्या एकंदर क्षमतेपैकीं निम्म्याहून अधिक क्षमता सूर्य, वारा, पाणी, अणुशक्ति अशा खनिज इंधनावर न चालणाऱ्या साधनांची झाली. असें असूनहि प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेपैकीं सत्तर टक्के किंवा त्याहून थोडी अधिक वीज कोळशाचीच असते; कारण सूर्य रात्रीं मावळतो आणि वारा आपल्या लहरीनें वाहतो. तारेवर चालणाऱ्या वाहनाचा मोठा गुण असा कीं, त्याला एकदां बांधलें म्हणजे पुन्हां बदलावें लागत नाहीं. वीजघर जसजसें निर्मळ होईल तसतशी जुनी गाडीहि आपोआप निर्मळ होत जाते.

जेथें तार पोंचत नाहीं, तेथें वीज बॅटरींत भरून बरोबर न्यावी लागते, आणि येथें वजनाचा प्रश्न उभा राहतो. आजच्या मोटारींतील बॅटरीसंचाच्या एक किलोग्रॅम वजनांत सुमारे ०.१५ ते ०.२ युनिट वीज मावते. पेट्रोलांत १२ युनिटें. म्हणजे ही शिदोरी साठ ते ऐंशी पट जड झाली! पण हिशेब येथेंच थांबविणें अन्यायाचें होईल. पेट्रोलच्या एंजिनांत इंधनांतील ऊर्जेचा चौथा-पांचवा हिस्साच चाकापर्यंत जातो आणि उरलेली उष्णतेच्या रूपानें वायां जाते. विजेची मोटर मात्र मिळालेल्या ऊर्जेपैकीं ऐंशी-पंचाऐंशी टक्के ऊर्जा कामीं लावते. त्यामुळें प्रत्यक्षांत अंतर पंधरा-वीस पटींवर येतें. तेंहि लहान नाहीं. तथापि रोज पन्नास-साठ किलोमीटर फिरून रात्रीं आपल्या ठाण्यावर परतणाऱ्या वाहनाला तें सोसवतें. स्कूटर, रिक्षा, शहरांतील बसगाडी, घरोघर माल पोंचविणारी लहान गाडी, ही सारीं वाहनें या वर्गांत मोडतात.

स्कूटरचें उदाहरण घेतलें तर हिशेब स्पष्ट होतो. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची स्कूटर दर किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम कर्बवायु सोडते. विजेची स्कूटर एका युनिटांत सुमारे ३० किलोमीटर जाते. भारतांत सरासरीनें एक युनिट वीज तयार होतांना सुमारे ०.७ किलोग्रॅम कर्बवायु बाहेर पडतो. तारेंतील व बॅटरी भरतांना होणारी गळती धरली तरी किलोमीटरला तीस ग्रॅमांच्या आंतच हिशेब राहतो. म्हणजे कोळशाच्या विजेवर सुद्धां जवळजवळ निम्मी बचत होते. आणि ज्या गल्लींतून ती स्कूटर जाते तेथें तर धूर मुळींच होत नाहीं. बॅटरी बनवितांना जो कर्बवायु निघतो तो या बचतींतून प्रथम फेडावा लागतो हें खरें. म्हणून ज्या गाडीचा वापर रोजचा व पुष्कळ, तिच्यांतच बॅटरी अधिक शोभते. क्वचित् बाहेर काढावयाची मोटार विजेची असली काय नि पेट्रोलची असली काय, फरक थोडा. दिवसभर राबणारी रिक्षा मात्र विजेची झाली तर तिच्या चालकाला व शहराला दोघांनाहि लाभ होतो.

हलकी शिदोरी म्हणून हायड्रोजनचें नांव वारंवार घेतलें जातें. एक किलोग्रॅम हायड्रोजनमध्यें सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते, म्हणजे वजनाच्या दृष्टीनें तो पेट्रोललाहि मागें टाकतो. आणि जळल्यावर त्यांतून पाण्याची वाफच निघते. अडचण जागेची आहे. साध्या दाबाखालीं एका किलो हायड्रोजनला अकरा-बारा घनमीटर, म्हणजे एका लहानशा खोलीइतकी जागा लागते. म्हणून तो हवेच्या दाबाच्या सातशें पटींपर्यंत दाबून भक्कम नळकांड्यांत भरावा लागतो, किंवा उणें २५३ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करावा लागतो. त्याहून मोठी अडचण गळतीची. पाण्याचें विजेनें पृथक्करण करून एक किलो हायड्रोजन काढण्यास पन्नासांहून अधिक युनिटें खर्चीं पडतात. तो गाडींत पुन्हां विजेंत रूपांतरित केला म्हणजे पंधरा ते अठरा युनिटें हातीं लागतात. तीन भाकऱ्या देऊन एक परत मिळावी, असा हा व्यवहार आहे. जर्मनींतील लोअर सॅक्सनी प्रांतानें २०१८ सालीं हायड्रोजनवर चालणारी आगगाडी प्रवाशांच्या सेवेंत आणली आणि जगभर तिचें कौतुक झालें. परंतु त्याच प्रांतानें २०२३ सालीं पुढील खरेदीसाठीं बॅटरीच्या गाड्या पसंत केल्या. हायड्रोजन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. खत, पोलाद आणि कांहीं नवीं इंधनें बनविण्यास तो हवाच आहे. जेथें वीज सरळ पोंचते तेथें मात्र त्याला मध्यस्थ म्हणून आणणें महाग पडतें.

आतां महाराष्ट्राच्या अगदीं जिव्हाळ्याच्या इंधनाकडे वळावें लागेल. तें म्हणजे मद्यार्क, ज्याला आज इथेनॉल म्हणतात. मोटारींत मद्यार्क घालण्याची कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें होतें, आणि १९४८ सालीं भारतांत पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याविषयीं कायदाहि झाला. उंसानें हवेंतून घेतलेला कर्बच मद्यार्क जळल्यावर हवेंत परत जातो, आणि कारखान्याला लागणारी वाफ उंसाच्याच चिपाडांवर तयार होते. म्हणून खतें, पंप व वाहतूक यांचा खर्च वजा जातांहि कर्बाच्या हिशेबांत मद्यार्क पेट्रोलहून सरस ठरतो. ब्राझील देशानें तेलाच्या टंचाईनंतर १९७५ सालीं हा मार्ग राष्ट्रीय धोरण म्हणून पत्करला. भारतांत पेट्रोलांतील मद्यार्काचें प्रमाण २०१३-१४ सालीं सुमारे दीड टक्का होतें. तें २०२५ सालीं २० टक्क्यांवर गेलें. साखरेचे भाव पडले म्हणजे उंसाचीं बिलें थकावयाचीं, ही ज्यांची वर्षानुवर्षांची व्यथा, त्या शेतकऱ्यांना व कारखान्यांना या दुसऱ्या गिऱ्हाइकानें मोठा आधार दिला, हें नाकारतां येणार नाहीं.

परंतु या शिदोरीलाहि मर्यादा आहेत. मद्यार्काच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणाच्या लिटरांत ऊर्जा सहा-सात टक्क्यांनीं कमी भरते आणि मोटार तितकी कमी धांवूं लागते. त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. एक टन उंसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर मद्यार्क मिळतो. आणि नीति आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यांतच असा हिशेब दिला आहे कीं, उंसापासून एक लिटर मद्यार्क मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागतें. ज्या प्रांतांत एका जिल्ह्यांत उंसाला पाट वाहतो आणि दुसऱ्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी टँकरनें येतें, तेथें हा आंकडा नुसता शास्त्राचा राहत नाहीं. मळीपासून होणाऱ्या मद्यार्कावर हा आक्षेप येत नाहीं, कारण मळी साखरेच्या मागें उरतेच. पण मळी बेताचीच असते. मका व तांदूळ यांपासून मद्यार्क काढावा तर मोटारीची टाकी आणि मनुष्याचें ताट एकाच धान्याला हात घालतात.

शिवाय पीक पावसाच्या स्वाधीन. ब्राझीलमध्यें १९८९-९० सालीं साखरेला भाव चढला, ऊंस साखरेकडे गेला आणि मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारींचे मालक पंपांवर ताटकळले. २००३ पासून तेथें दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या मोटारी आल्या, तेव्हां कोठें ही भीति ओसरली. भारतांतहि डिसेंबर २०२३ मध्यें ऊंस कमी होण्याचीं चिन्हें दिसतांच सरकारनें रसापासून मद्यार्क काढण्यावर निर्बंध घातले. ते पुढील हंगामासाठीं ऑगस्ट २०२४ मध्यें उठविण्यांत आले. मद्यार्काच्या भट्ट्यांवर भांडवल घालणाऱ्या कारखान्यांना या नऊ महिन्यांत जो धडा मिळाला, त्याचा मथितार्थ इतकाच कीं, शेतांतून येणारें इंधन मोलाचें आहे, पण तें अमर्याद नाहीं. यावर उपाय म्हणून भाताच्या पेंढ्यापासून मद्यार्क काढणारा कारखाना २०२२ सालीं हरियाणांतील पानिपत येथें सुरू झाला. जो पेंढा शेतांत जाळल्यानें उत्तरेची हवा दूषित होते, त्याचेंच इंधन व्हावें ही कल्पना उत्तम आहे. मात्र विखुरलेला पेंढा गोळा करून कारखान्याला वर्षभर पुरविणें हें रसायनशास्त्राइतकेंच अवघड काम आहे.

मर्यादित वस्तु जेथें तिच्यावांचून अडतें तेथें वापरावी, हा संसाराचा साधा नियम आहे. रस्त्यावरील गाडीला विजेचा पर्याय आहे. विमानाला तो जवळजवळ नाहीं. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाच्या उड्डाणसमयींच्या वजनांत इंधनाचा वाटा एक-तृतीयांशाहूनहि अधिक असूं शकतो. तें इंधन जसजसें जळतें तसतसें विमान हलकें होतें. बॅटरीचें ओझें मात्र रिती झाली तरी तितकेंच राहतें. संपूनहि न हलकी होणारी शिदोरी घेऊन सागर ओलांडणें विमानाला शक्य नाहीं. म्हणून तेथें द्रवरूप इंधनच हवें, पण तें खनिज नसलें पाहिजे. वापरलेलें खाद्यतेल, चरबी किंवा मद्यार्क यांपासून विमानाचें इंधन बनवितां येतें. १९ मे २०२३ रोजीं पुण्याहून दिल्लीस गेलेल्या एका प्रवासी विमानांत देशी कच्च्या मालापासून बनविलेलें असें इंधन मिसळलेलें होतें. आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत लंडनहून न्यूयॉर्कला एक विमान केवळ अशा इंधनावर गेलें. युरोपीय संघानें २०२५ पासून विमानाच्या इंधनांत दोन टक्के आणि २०५० पर्यंत सत्तर टक्के प्रमाण बंधनकारक केलें आहे. भारतानें परदेशीं जाणाऱ्या विमानांसाठीं २०२७ सालीं एक टक्का आणि २०३० सालीं पांच टक्के असें लक्ष्य ठेविलें आहे. आंकडे लहान दिसतात, कारण हें इंधन आज महाग व दुर्मिळ आहे.

जहाजांची स्थिति याहून थोडी बरी. त्यांना वजनाची विमानाइतकी भीति नसते. खाडी ओलांडणाऱ्या लहान बोटींना बॅटरी पुरते. कोची शहरांत २०२३ पासून विजेच्या बोटींची नियमित सेवा चालू आहे. महासागर ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजांना मात्र मिथेनॉल व अमोनिया यांचा विचार करावा लागतो. मिथेनॉलवर चालूं शकणारें पहिलें कंटेनरवाहू जहाज ‘लॉरा मर्स्क’ २०२३ सालीं सेवेंत दाखल झालें. अमोनियांत कर्ब नसतोच, आणि खतांच्या कारखान्यांमुळें तो हाताळण्याचा अनुभवहि जगाला आहे. पण तो विषारी आहे, आणि जळतांना त्यांतून नायट्रोजनचे घातक वायु निघणार नाहींत अशी व्यवस्था करावी लागते. शिवाय अमोनिया आज बहुतेक ठिकाणीं नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून बनतो. तो निर्मळ विजेच्या हायड्रोजनपासून बनूं लागेल तेव्हांच त्याचा खरा उपयोग. हायड्रोजनची योग्य जागा कोणती, या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें.

या सर्व विवेचनावरून एक क्रम सिद्ध होतो. जेथें तार पोंचते तेथें तार. जेथें पल्ला लहान व मुक्काम ठरलेला तेथें बॅटरी. आणि शेतांतून किंवा हायड्रोजनपासून मिळणारें थोडें, महाग द्रवरूप इंधन आकाश व महासागर यांसाठीं राखून ठेवावयाचें. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक या सीमेवर उभे आहेत. बॅटरी किती स्वस्त होते आणि वाटेवर ती झटपट भरण्याची सोय किती होते यावर त्यांचें ठरेल, आणि त्यांचा कांहीं माल रेल्वेवर चढविणें हा तर आजच हातांत असलेला उपाय आहे. हा क्रम एका दिवसांत अमलांत येणार नाहीं. आज विकली गेलेली पेट्रोलची मोटार आणखी पंधरा वर्षें रस्त्यावर राहील, आणि तोंपर्यंत तिच्या टाकींतील मद्यार्क व्यर्थ नाहीं. पण तिची जागा विजेची गाडी घेईल, तेव्हां तोच मद्यार्क विमानाच्या इंधनासाठीं मोकळा होईल. उंसाच्या शेतकऱ्याचें गिऱ्हाईक त्यामुळें नाहींसें होणार नाहीं. तें पंपावरून विमानतळावर जाईल. मात्र त्या दिवसाची तयारी आज व्हावयास हवी. पाण्याच्या हिशेबानें ऊंस किती लावावा, भट्ट्या कोणत्या मालावर चालवाव्या आणि कोळशाच्या विजेची जागा किती लवकर भरून काढावी, या तीन निर्णयांवर पुढच्या पिढीच्या वाहनांची शिदोरी अवलंबून आहे. आणि ती बांधण्याचें काम प्रवास सुरू होण्यापूर्वींच करावें लागतें.